उचलणं आणि ठेवणं

माणूस मोठ्या संकटातून वाचला की काय बोलायचं, ते आपल्याकडे ठरून गेलेलं आहे. मराठी घरात म्हणतात, ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.’ इंदूरच्या शेजारणी ‘बाल-बाल बचे’ म्हणून डोक्यावरून हात फिरवतात. मंदिरातल्या बायका आयुष्यकर्माचा हिशोब काढतात, ‘बांधलेलं आयुष्य शिल्लक होतं, दुसरं काय!’ तिन्ही बोलण्यांत माया असते, मी नाही म्हणत नाही. पण ते बोलून झालं की विषय संपतो. चहा येतो. वाचलं कशातून, आणि तशी वेळ आलीच का, हे कुणी विचारत नाही.

२००९ च्या भाद्रपदात, दशलक्षणाच्या दहा दिवसांत, ही तिन्ही वाक्यं मी एवढ्यांदा ऐकली की शेवटी मला त्यांचा राग यायला लागला.

तेव्हा मी सांवेर रोडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात होते. पोलादी पत्र्याच्या कॉइल्स यायच्या, त्या उलगडून, कापून पुढे जायच्या. मी क्रेन चालवायचे. हे सांगितलं की बायकांच्या डोळ्यांपुढे ती रस्त्यावरची लांब मानेची क्रेन येते आणि वर काचेच्या खोलीत बसलेली मी! तसं नव्हतं. छताजवळ दोन्ही भिंतींना रूळ, त्यांच्यावर आडवा गर्डर, गर्डरवर तारेच्या दोराचा होइस्ट. तिथून खाली लोंबणारी केबल आणि तिच्या टोकाला बटणांची पेटी. तिला पेंडंट म्हणतात. ती हातात धरून जमिनीवर चालत चालत क्रेन चालवायची. वर, खाली, पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, आणि एक मोठं लाल बटण. ताकद लागत नाही, नजर लागते. सांगली भागातून लग्न होऊन इंदुरात आले तेव्हा डिप्लोमा पदरात होता. तो ट्रंकेत पडून राहू नये म्हणून सासऱ्यांनीच मंदिराच्या एका विश्वस्तांकडे शब्द टाकला होता. कारखाना त्यांच्याच नात्यातल्यांचा. आपल्यातलेच लोक. हे ‘आपल्यातले’ पुढे महत्त्वाचं ठरलं, म्हणून सांगितलं.

या क्रेनचा ब्रेक कसा असतो, ते थोडं सांगते. कंटाळू नका, सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे. होइस्टची मोटर चालू असते तेव्हा विजेच्या चुंबकाने ब्रेक उघडा धरलेला असतो. बटणावरचं बोट काढलं की वीज तुटते, चुंबक सुटतो, आणि स्प्रिंग ब्रेक दाबून धरते. म्हणजे वजन हवेत लटकलेलं असताना त्याला फक्त ती स्प्रिंग आणि ब्रेकचं लायनर यांचाच आधार. लायनर झिजलं की वजन थांबता थांबत नाही, सरकत खाली येतं. आधी दोन बोटं, मग वीतभर, मग हातभर. आणि रिकाम्या हुकाला झिजलेला ब्रेकसुद्धा छान धरतो, त्यामुळे हुक वर-खाली करून ‘बघा, ठीक आहे’ म्हणता येतं.

त्या दिवसाच्या आठ दिवस आधी मी लॉगबुकात लिहिलं होतं, ‘लोड हातभर सरकतो, लायनर बदलणे.’ मेंटेनन्सवाल्या काकांनी नट आवळला, रिकामा हुक वर-खाली केला आणि माझ्या ओळीखाली ‘हो गया’ लिहून सही केली. मग तीन-चार दिवस लोड खरोखरच जागच्या जागी थांबत होता. लायनर मागवलंय, असंही सांगितलं गेलं. नट आवळून ब्रेक काही दिवस तगतो, पण झिजलेलं लायनर काही परत वाढत नाही.

दशलक्षणाचा तिसरा दिवस, उत्तम आर्जवाचा. सकाळी पूजा करून मी कामावर गेले. दुपारी साडेतीनच्या सुमाराला ट्रकवरून पावणेतीन टनांची कॉइल उचलली, पाच टनी क्रेनला हे वजन काहीच नाही. आत आणली, ठेवायच्या जागेच्या अलीकडे छातीइतक्या उंचीवर थांबवली, बोट काढलं. थांबली. मग हेल्पर मुलगा खालचे लाकडी गुटके सळईने सरळ करायला बाजूने पुढे झाला. नालछ्याकडचा पोरगा, एकोणीस-वीस वर्षांचा, मला ‘दीदी’ म्हणायचा. तो कॉइलखाली नव्हता, बाजूला होता. पण त्याच्या पाठीशी आधीच्या कॉइल्सची थप्पी होती.

आणि कॉइल खाली यायला लागली. मी बटणाला हात लावलेला नसताना.

आवाज फारसा नव्हता. नुसती एक घसरती कुरकुर. तशीच खाली आली असती तर ती शेजारच्या कॉइलच्या कडेवर टेकली असती, सी हुकातून निसटून त्याच्याच बाजूला लवंडली असती. त्याला मागे सरायला जागा नव्हती. पलीकडून तीन-चार जण एकदम ओरडले, “लाल दबाओ दीदी, लाल!” साहजिक होतं. संकटात लाल बटण, हे सगळ्यांना शिकवलेलं असतं. पण लाल बटण वीज तोडतं, आणि वीज तोडली की वजन त्याच मेलेल्या ब्रेकच्या हवाली होतं. मी ‘वर’चं बटण दाबलं. मोटरने वजन धरलं. एक क्षण कॉइल जागच्या जागी थरथरली, मग वर जाऊ लागली. पोरगा थप्पीवर चढून पलीकडे उडी मारून गेला. दुसऱ्या बोटाने क्रेन मोकळ्या जागेकडे नेली, आणि ‘खाली’चं बटण दाबून जे धरलं, ते कॉइल जमिनीला टेकून दोर सैल पडेपर्यंत सोडलं नाही. वजन मोटरच्या चालीने उतरलं. सगळं मिळून पंधरा-वीस सेकंद झाले असतील.

कुणाला खरचटलंही नाही. पत्र्यावर ओरखडा नाही. सुपरवायझर धावत आला, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, “कुछ हुआ ही नहीं ना?”

तासाभराने दुसरा ट्रक दारात उभा होता. मी पेंडंट हातात घ्यायला नकार दिला तेव्हा कुठे लोकांना वाटलं की काहीतरी झालंय.

त्यानंतरचे दिवस त्या पंधरा सेकंदांपेक्षा जड गेले. दोन दिवसांनी माझ्यापुढे टाईप केलेला एक कागद आला. त्यात लिहिलं होतं की ऑपरेटर धार्मिक उपवासावर असल्यामुळे तिचं लक्ष विचलित झालं, तथापि कोणतीही हानी झालेली नाही, तिला समज देण्यात आली आहे. खाली माझी सही हवी होती. माझं एकाशन होतं. एक वेळ पोटभर जेवून मी कामावर गेले होते, आणि दशलक्षणात माझं एकाशन दरवर्षीच असतं. भोवळ नाही, डोळ्यांपुढे अंधारी नाही. पण कागदाला एक कारण हवं होतं, आणि लायनरपेक्षा बाईचा उपास स्वस्त पडत होता.

याहून दुखलं ते दुसरंच. कागद कारखान्यातून आला होता, पण तेच वाक्य मला मंदिराच्या पायऱ्यांवरही ऐकू आलं. “अगं, व्रतात कशाला मशीनवर जायचं?” “बायकांची कामं का ही!” एकीने तर सांगितलं, की कायद्यातच बायकांना मशीनजवळ बंदी आहे. तशी बंदी नव्हती. त्या वेळी लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात एक कलम होतं, चालत्या यंत्राचे फिरते भाग पुसायला, तेल द्यायला किंवा जुळवायला बाईला लावू नये, असं. क्रेन चालवण्याचा त्याच्याशी संबंध नाही. तेव्हा एवढं कुठलं बोलायला सुचलं! घरी येऊन कायद्याचं पुस्तक उघडलं.

सासूबाई म्हणाल्या, “सही करून टाक. तुला काही झालं नाही, त्या पोराला काही झालं नाही. पुण्याई म्हणायची. आता कुणाचं नाव कशाला काढतेस? तुझ्या सासऱ्यांना उद्या त्याच लोकांबरोबर अभिषेकाला उभं राहायचंय.” त्या चुकीचं बोलत नव्हत्या. समाजात राहायचं म्हणजे असे हिशोब धरावेच लागतात. सासरे काहीच बोलले नाहीत. रात्री झोपण्याआधी फक्त विचारलं, “तुझ्या वहीत काय लिहिलं होतंस? तारीख आहे ना?” तारीख होती.

त्या रात्री मी पाठशाळेत घोकलेलं सगळं आठवून पाहिलं. हिंसा म्हणजे काय, हे तत्त्वार्थसूत्रात सांगितलं आहे, आणि त्या व्याख्येत प्राण घेण्याच्याही आधी येतो तो प्रमाद. बेसावधपणा, हयगय. अमृतचंद्राचार्य ‘पुरुषार्थसिद्ध्युपाया’त आणखी स्पष्ट बोलतात. त्याचा आशय असा की काळजीपूर्वक वागणाऱ्याकडून नकळत जीव गेला तर ती हिंसा नव्हे, आणि प्रमादाने वागणाऱ्याची हिंसा तो जीव मरो अथवा न मरो, झालेलीच असते. लहानपणी हे वाचताना मला पाण्यातले जीव, रात्रीचा दिवा, पायाखालची मुंगी एवढंच दिसायचं. त्या रात्री त्यात क्रेन दिसली. पोरगा वाचला म्हणजे हिंसा टळली, असं आपलं शास्त्र म्हणतच नाही! ज्या दिवशी झिजलेल्या लायनरवर नट आवळून ‘हो गया’ लिहिलं गेलं, त्याच दिवशी ती झाली होती. पोराचं आयुष्यकर्म हा त्याचा हिशोब. प्रमादाचा हिशोब ज्याचा त्याच्या खात्यावर.

पाच समितींपैकी एका समितीचं नाव आहे आदाननिक्षेपण. वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून, जपून उचलावी, ठेवावी. ही मुनींची समिती, पिंछी-कमंडलू उचलण्याची. पण दिवसाला साठ-सत्तर टन उचलून ठेवणं हाच माझा धंदा होता, मग ती मला नाही तर कुणाला लागू?

कुणी म्हणेल, की गृहस्थाने असला धंदा करूच नये. तेही सांगितलेलं आहे. श्रावकाने टाळायच्या पंधरा कर्मादानांत यंत्रपीडन आहे, म्हणजे तीळ, ऊस, एरंड पिळणारी घाणी-चरकं. श्रावकांसाठी ‘सागारधर्मामृत’ लिहिणारे पंडित आशाधर तेराव्या शतकात आमच्या या माळव्यातच, धारेत आणि मग नालछ्यात राहिले. त्याच धार जिल्ह्यात आज पीथमपूरचे कारखाने आहेत. आणि इंदुरातले आपले लोक तर शंभर वर्षांपूर्वीच यंत्रांत उतरले. इतवारियाचं काच मंदिर बांधणाऱ्या सर सेठ हुकुमचंदांच्या नावाची कापडगिरणी सगळ्या शहराला ठाऊक आहे. काच मंदिर पाहायला आपण पाहुण्यांना हौसेने नेतो. ती गिरणी १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांची थकलेली देणी त्यांना मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, हे मात्र पाहुण्यांना सांगायचं राहून जातं. यंत्राचा धंदा आपण उद्योगी हिंसा म्हणून पत्करला आहे, तर निदान त्यातला प्रमाद तरी आपला म्हणावा की नाही?

कायद्याच्या पुस्तकात मला आणखी एक गोष्ट सापडली. १९७६ मध्ये त्यात ८८-अ हे कलम घातलं गेलं. ते अपघाताबद्दल नव्हतं, ‘धोकादायक घटने’बद्दल होतं. ठरवून दिलेल्या प्रकारची घटना घडली, की कुणाला इजा झालेली असो वा नसो, कळवायचीच. आणि राज्यांच्या नियमांत त्या प्रकारांची जी यादी असायची, तिच्यात क्रेन आणि होइस्टचा बिघाड असायचा. इजा होवो अथवा न होवो! मी ते वाचून हसलेच. अमृतचंद्राचार्यांनी जे सांगितलं, ते संसदेला १९७६ मध्ये पटलं होतं. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेत नासाने वैमानिकांसाठी एक सोय सुरू केली. विमान थोडक्यात वाचलं की वैमानिकाने आपण होऊन लिहून कळवायचं, आणि त्याचं नाव गुप्त राहायचं. आपल्याकडे गुरूंपुढे बसून काही न लपवता दोष सांगण्याला आलोचना म्हणतात. त्यांनी ती विमानांना लावली.

थोडक्यात वाचलेल्या गोष्टी न ऐकल्याने काय होतं, हे मध्य प्रदेशात राहणाऱ्याला कुणी सांगायला नको. भोपाळच्या युनियन कार्बाइडमध्ये १९८१ च्या डिसेंबरात फॉस्जीनच्या गळतीने एक कामगार गेला. १९८२ मध्ये पुन्हा गळती झाली. राजकुमार केसवानी नावाच्या पत्रकाराने आपल्या छोट्या साप्ताहिकात शहराला धोका असल्याचं लिहिलं, पुन्हा पुन्हा लिहिलं. २ डिसेंबर १९८४ ची रात्र त्यानंतर आली. हाइनरिक नावाच्या एका अमेरिकी माणसाने १९३१ मध्ये मांडलं होतं, की एका भारी अपघातामागे २९ किरकोळ अपघात आणि इजेविना गेलेल्या ३०० घटना असतात. हे आकडे पुढच्या लोकांनी खोडून काढले, आणि आकड्यांशी मलाही घेणं नाही. पण आपण ज्याला पुण्याई म्हणून गप्प बसतो, ती त्या तीनशेंतली एक असते.

मी सही केली नाही. हाताने लिहिलेला दुसरा कागद दिला. कधी तक्रार लिहिली, कधी ‘हो गया’ आलं, कोणत्या वजनाला ब्रेक सुटला, कोण कुठे उभं होतं. शेवटी लिहिलं, की ही धोकादायक घटना म्हणून कळवावी. एक प्रत सासऱ्यांनी आपल्या कपाटात ठेवली. क्रेन चार दिवस बंद राहिली आणि नवं लायनर आलं, तेव्हा कळलं की ते आधी मागवलेलंच नव्हतं. घटना वर कळवली की नाही, हे मला कधी दाखवलं गेलं नाही.

मग क्षमावाणीचा दिवस आला. मंदिरात सगळे एकमेकांपुढे हात जोडत होते. शेठजी समोर आले. वयाने वडिलांसारखे, स्वभावाने खरंच वाईट नाहीत. हात जोडून म्हणाले, “जाने-अनजाने कोई भूल हुई हो तो क्षमा करना, बेटी.” आणि हळूच, “अब वो बात छोड़ दो.” मी वाकून नमस्कार केला. म्हटलं, “बाबूजी, मेरी तरफ से तो क्षमा है. पर कॉइल मेरे ऊपर नहीं आ रही थी.” ते दोन क्षण तसेच उभे राहिले. मग पुढच्या माणसाकडे वळले. मला नाही वाटत, मी त्यांचा अपमान केला. माझ्यावर जेवढं आलं होतं, उपवासाचं लांछन, ते मी सोडून दिलं होतं. उरलेलं त्या पोराचं होतं. ते सोडून देणारी मी कोण? आणि त्याच्यापुढे त्या दिवशी कुणी हात जोडले नव्हते. तो आपल्यातला नव्हता ना.

दिवाळीनंतर मला क्रेनवरून काढून स्टोअरच्या टेबलावर बसवलं. पगार तोच, पंखा जास्त. विश्वस्तांच्या घरच्या बाई पुढची दोन वर्षं माझ्याशी धड बोलल्या नाहीत. मग त्यांच्या नातीला गणित शिकवायला कुणी हवं होतं, तेव्हा बोलल्या. याचं मला आता काही वाटत नाही. क्रेनचं मात्र वाटतं. मला ते काम आवडायचं.

स्टोअरमध्ये बसून मी एक केलं. जेवणाच्या सुट्टीत तो पोरगा यायचा, त्याला पेंडंट शिकवलं. लाल बटण कधी दाबायचं आणि कधी नाही. पाळी सुरू झाली की पहिलं वजन फक्त वीतभर उचलायचं, बोट काढायचं आणि बघत उभं राहायचं. मागे ट्रक कितीही हॉर्न वाजवो. रिकाम्या हुकावर विश्वास ठेवायचा नाही. ‘हो गया’ म्हणणाऱ्याला म्हणायचं, भरल्या वजनावर दाखव. वर्षभराने तो पीथमपूरला गेला, तिथे क्रेनवर लागला.

दोन वर्षांपूर्वी दुपारी त्याचा फोन आला. आता त्याची मुलं मोठी आहेत.

“दीदी, आज पहला लोड उठाया. दो उंगली नीचे आया.”

“मग?”

“बंद कर दी मशीन. रजिस्टर में लिख दिया. साहब चिल्ला रहे हैं.”

“आता काय करतोयस?”

“कुछ नहीं. बैठा हूँ, दीदी. चाय पी रहा हूँ.”